दांडा कोणी फिरवायचा

"रिकामंच फिरवा," तुळजाबाई म्हणाली.

शिवनारायणचा हात दांड्यावर थांबला. तो पायरीच्या खाली उभा होता आणि यंत्र पायरीच्या वर, ओसरीतल्या बाकाला पेच आवळून बसवलेलं. पायरी न चढता जितकं वाकता येईल तितकं वाकून त्याने दांडा धरला होता.

"काकीजी, रिकामं फिरवून काय कळणार तुम्हाला? पीठ टाका, पाणी टाका, मंग बघा कसा गोळा होऊन राह्यला ते."

"पीठ टाकते हवं तर. पाणी न्हाई."

"पाण्यावाचून कणीक कशी होईल?"

"न होऊ दे. तुम्ही फिरवा."

शिवनारायणचा सदर बाजारात स्टोव्ह, कंदील आणि शिवणयंत्रांचा धंदा होता. दुकानदारीत मुरलेला माणूस. गिऱ्हाइकाशी कुठवर हुज्जत घालायची हे त्याला कळत होतं. त्याने रिकामं यंत्र गरगर फिरवून दाखवलं. कल्हईची बादली, तिच्यावर झाकण, झाकणातून आत उतरलेला वाकडा लोखंडी आकडा आणि बाहेर लाकडी मुठीचा दांडा. दांडा फिरवला की आत आकडा फिरायचा आणि कणीक तिंबून निघायची, असं शिवनारायणचं म्हणणं. आत्ता तो आकडा नुसती हवा तिंबत होता.

"हात लावायचं कामच न्हाई, काकीजी. बिलकुल सोवळ्याचं यंत्र. मुंबईहून आलेलं. अमावास्येपर्यंत ठेवून घ्या, चालवून पाहा. पसंत पडलं तर बोलू, न्हाई तर मी परत नेतो."

तो गेल्यावर तुळजाबाईने यंत्र बाकावरून सोडवलं, राखेने घासलं, पाण्याखाली धरून धरून धुतलं आणि मगच आत नेलं. मारवाड्याचा हात लागला होता ना त्याला.

हा सोवळ्याचा कायदा मोठा चमत्कारिक होता. गहू कोणीही पेरावा, कोणीही कापावा, हमालाने घामाघूम पाठीवरून पोतं आणून टाकावं, दळणारणीने दळावं, कशाला म्हणून हरकत नव्हती. कोरड्या पिठाला कोणाचा विटाळ होत नसे. पण त्यावर पाण्याचा थेंब पडला रे पडला की त्या पिठाला जात येई. मग ब्राह्मणाखेरीज कोणाचा हात त्याला चालत नसे. असं का, हे विचारायची सोय नव्हती. तुळजाबाईनेही कधी विचारलं नव्हतं, कारण याच कायद्यावर तिचं पोट चालत होतं.

तिची खानावळ जुन्या जालन्यात, कचेरीपासून हाकेच्या अंतरावर होती. निजाम सरकारच्या कचेरीत दिवसभर उर्दू कागद खरडणारे कारकून, शाळेतले मास्तर, रुईच्या पेढ्यांवरचे हिशेबनीस असे वीसेक मेंबर तिच्याकडे दोन्ही वेळा जेवत. सगळे ब्राह्मण. तुळजाबाईच्या हातची पोळी म्हणजे सोवळ्यातली पोळी, अशी ख्याती होती. ती ख्याती कमवायला तिचा उजवा हात खर्ची पडला होता.

मनगट आधी नुसतं दुखायचं. मग सुजायला लागलं. आता तर सकाळी कणीक तिंबताना खांद्यापर्यंत कळ जायची आणि डोळ्यांपुढे अंधारी यायची. वैद्य म्हणाला, हाताला विश्रांती द्या. वैद्याच्या बापाचं काय जात होतं! मदतीला दुसरी ब्राह्मण बाई शोधून झाली होती. मिळाली ती आठवड्यात पळाली. आणि अशातच धावड्याहून दीर येऊन गेला. भोकरदनकडचं ते गाव, तिचं सासर. सतराव्या वर्षी नवरा गेला, डोक्यावरचे केस गेले, अंगावर तांबडं आलवण आलं, आणि पुढे कितीतरी वर्षं त्या घरात तिने चूल फुंकली. तिथे तिला नाव नव्हतं. "अगं ए" एवढीच हाक होती. सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरलं तर तिचं. एका लांबच्या आत्याने मरताना ही खानावळ तिच्या हाती दिली म्हणून ती सुटली.

दिराने सुजलेल्या मनगटाकडे पाहिलं आणि दात कोरत तो म्हणाला, "चला की मंग घरी, वैनी. न्हाई तरी आमच्या सूनबाईला हाताखाली कोणीतरी लागतंच."

तो गेल्यावर ती न्हाणीघरात जाऊन उभी राहिली होती. धावडं हा शब्द ऐकला तरी तिला उमासे यायचे. म्हणून यंत्र. ते चाललं तर खानावळ चालेल, खानावळ चालली तर धावडं चुकेल. सरळ हिशेब होता.

दुसऱ्या दिवशी पहाट उलटल्यावर तिने सोवळ्यात यंत्र मांडलं, पीठ घातलं, पाणी घातलं आणि दांडा धरला. दोन वेढे हलके गेले. मग पिठाचा गोळा झाला आणि आकडा जो अडकला तो अडकलाच. वीस माणसांची कणीक ती. तिला फिरवायला बैलाची ताकद हवी. तुळजाबाईने दोन्ही हात लावले. मनगटातून अशी कळ निघाली की ती मटकन खाली बसली आणि तिच्या तोंडून शिवनारायणसाठी एक शिवी गेली. सोवळ्यात शिवी देऊ नये, पण गेली खरी.

मागच्या अंगणात भांडी घासणाऱ्या गोजरबाईने ते ऐकलं. राखेचे हात तसेच घेऊन ती दारात आली. हमालाची बायको, कुंडलिका नदीपलीकडे राहायची. हाडापेराने दणकट. कितीतरी वर्षं ती या खानावळीची उष्टी काढत होती आणि या एवढ्या वर्षांत स्वयंपाकघराचा उंबरा तिने कधी ओलांडला नव्हता.

"काय झालं, काकू?"

"काही न्हाई. हे मेलं फिरत न्हाई."

"म्या फिरवते की. सरका."

"तू?"

"मंग काय झालं? कणकीला थोडाच हात लावून राह्यले? दांडा तर भायेर हाय."

तुळजाबाईने चुलीकडे पाहिलं. दुपार होताच मेंबर पाटावर येऊन बसणार होते. वरण शिजलं होतं आणि पोळीचा पत्ता नव्हता.

"हात धुऊन ये," ती म्हणाली. "राख नको राहायला. नखातलीसुद्धा."

तिने यंत्र सरकवत उंबऱ्याला लावलं. बादली आत, दांडा बाहेर. अंगणाचं दार ओढून घेतलं. गोजरबाईने बाहेर बसून दांडा धरला आणि एका हाताने, बोलता बोलता, कणीक तिंबून काढली. जणू पाळणा हलवत होती. तुळजाबाई मात्र आतून त्या हाताकडे बघत होती. काळा, रुंद, भेगाळलेला पंजा. याच पंजाने ही बाई रोज मेंबरांच्या ताटातली चोखलेली शेवग्याची शेंग उचलते. त्या पंजाची हालचाल दांड्यातून, झाकणातून, आकड्यातून तिच्या कणकेत उतरत होती. किळस आली, साधी सरळ किळस. आणि एवढ्या उपकाराची आपल्याला किळस येते याचीही तिला लाज वाटली. पण लाज मागून आली, किळस आधी.

पोळ्या मात्र अशा झाल्या की तिच्या हातून सुद्धा कधी झाल्या नव्हत्या. तव्यावर टम्म फुगत होत्या.

पंगत बसली. पुरुषांची पंगत जेवताना ज्याने रोज पाहिली आहे त्याला माणसाच्या मोठेपणाबद्दल फार काही वाटेनासं होतं. भुरके, मचमच, ताटात खळखळून धुतलेले हात, आणि ढेकर तर असे की भिंतीवरची पाल सरकावी. मधल्या पाटावर बद्रीनाथराव पेशकार. कचेरीत यांची सही झाल्याशिवाय कागद हलत नसे, आणि इथे हे पोळीला आधी चिमटीत धरून चाचपत, पसंत पडली नाही तर परत करत. मिशांना ताक लागे ते तसंच सुकत असे. त्यांच्या शेजारी धर्मराज मास्तर. हे सुधारक. जात मोडली पाहिजे, यंत्रयुग आलं पाहिजे यावर ते भात संपेपर्यंत बोलत आणि त्यांच्या तोंडातली शितं समोरच्याच्या ताटात जात.

"वा, काकू!" पेशकार म्हणाले. "आज पोळी काय मऊ! हाताला अमृत लागलं काय तुमच्या?"

"यंत्र आणलंय," तुळजाबाई म्हणाली. "पाहायला ठेवलंय. घ्यावं का न घ्यावं ते ठरायचंय अजून."

"घ्याच, काकू," मास्तर म्हणाले. "ही प्रगती आहे." आणि त्यांनी आणखी दोन पोळ्या मागितल्या.

सगळे गेल्यावर तुळजाबाई स्वतः जेवायला बसली. दिवसातलं तिचं एवढंच जेवण. पोळीचा तुकडा तिने आमटीत बुडवला आणि तोंडात घातला. तो आत जाईना. जिभेवर फिरला, गालात फिरला, पण घसा मिटून बसला होता. तो पंजा डोळ्यांपुढून हलत नव्हता. ती उठली, मागच्या अंगणात गेली आणि मोरीत तो घास थुंकली. गोजरबाई पलीकडे पाठमोरी बसून परात घासत होती. तिने मान वर केली नाही. तुळजाबाईने चूळ भरली आणि त्या दिवशी नुसता ताक-भात खाल्ला.

पुढचे काही दिवस असेच गेले. दार ओढलेलं, बादली आत, दांडा बाहेर. तुळजाबाई पोळ्या लाटायची, भाजायची, वाढायची आणि स्वतः भात खायची. मनगटाची सूज उतरायला लागली. शिवनारायणला काय सांगायचं ते तिने मनाशी ठरवूनही टाकलं. यंत्र घ्यायचं. मेंबरांना काय कळतंय!

मेंबरांना कळलं. बद्रीनाथराव एके सकाळी पाण्याचा तांब्या घ्यायला मागच्या बाजूने आले आणि दाराच्या फटीतून त्यांना दिसायचं ते दिसलं. ते काही बोलले नाहीत. कचेरीत गेले, काम केलं, वेळेवर पाटावर येऊन बसले, नेहमीइतक्याच पोळ्या खाल्ल्या, वरून दही-भात खाल्ला, ढेकर दिला, हात धुतले. मग सुपारी कातरत म्हणाले, "काकू, जरा बाहेर या. मसला गंभीर आहे."

तुळजाबाई दाराशी येऊन उभी राहिली.

"यंत्राचा दांडा कोण फिरवतं?"

लपवण्यात अर्थ नव्हता.

"गोजरबाई."

"भांडीवाली?"

"हो. उंबऱ्याच्या बाहेर बसून. कणकेला तिचा हात लागत न्हाई."

कोणी तरी "शिव शिव" म्हणालं. एकाने तोंडात बोट घालून ओकारीचा आवाज काढला, पण दुपारचं जेवण बाहेर काही आलं नाही. ते त्याला हवंच होतं.

"हात लागत न्हाई हे कबूल," पेशकार म्हणाले. "पण काकू, तारेतून खबर जाते का न्हाई? हैदराबादेत बटण दाबलं की जालन्यात कट्टकट्ट होतं. मंग लोखंडाच्या दांड्यातून विटाळ का न जावा?"

"मूठ लाकडाची आहे," रुईच्या पेढीवरचा एक जण म्हणाला. "लाकडातून जात न्हाई म्हणतात."

"लाकूड ओलं असेल तर जातो."

"आणि हात घामेजलेला असला तर?"

आणि ती वीस शिकलेली माणसं, पोटात गोजरबाईने तिंबलेली कणीक घेऊन, विटाळ लाकडातून जातो का लोखंडातून यावर वाद घालत बसली. कोणी म्हणालं पंचगव्य घ्यावं लागेल. कोणी म्हणालं त्याचा खर्च काकूंनी सोसावा. तुळजाबाईने धर्मराज मास्तरांकडे पाहिलं. यंत्रयुगाचा माणूस तो. एवढ्यात तरी बोलेल असं तिला वाटलं.

मास्तरांनी घसा साफ केला. "तत्त्वतः यंत्राला जात नसते. हे मी शंभरदा सांगेन. पण काकू, घरी आई आहे माझी. उद्या तिच्या कानावर गेलं तर? तत्त्व वेगळं आणि व्यवहार वेगळा."

तुळजाबाई पेशकारांकडे वळली. "तुम्ही पाहिलं कधी?"

"सकाळी."

"मंग आत्ता जेवलात कसे?"

पेशकारांच्या हातातला अडकित्ता थांबला. "भूक लागली होती," ते म्हणाले. "आणि महिन्याचे पैसे आधीच देऊन बसलोय ना आम्ही."

कोणी हसलं नाही. त्यांना त्यात हसण्यासारखं काही वाटलंच नाही.

"आता जास्त ताणू नका, काकू," पेशकार मवाळ आवाजात म्हणाले. "ते यंत्र मारवाड्याला परत द्या. तुमच्या हातची चव यंत्राला कुठली यायला? तुम्ही तर साक्षात अन्नपूर्णा."

तुळजाबाईने उजवा हात आलवणाबाहेर काढला आणि सगळ्यांपुढे धरला. मनगटाचं हाड एका बाजूला निघालेलं, बोटं वाकलेली, मिटत नाहीत. वीस माणसांनी त्या हाताकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. एकाने दुसऱ्याला पान दिलं.

"तेल लावा गरम," मास्तर म्हणाले.

त्या क्षणी तिला जी किळस आली तशी कधी आली नव्हती. ताकाने चिकटलेल्या मिशा, तोंडाच्या कोपऱ्यातलं पान, फुगलेली पोटं. इतकी वर्षं मी यांच्यासाठी सोवळं पाळलं. यांच्यासाठी पहाटे थंड पाण्याने नाहिले. या तोंडांना विटाळ होऊ नये म्हणून! तिला त्या सगळ्या पंगतीवर पाणी ओतून ओसरी खराट्याने झाडून काढावीशी वाटली.

"उद्यापासून दांडा गोजरबाईच फिरवणार," ती म्हणाली. "दार उघडं ठेवून. ज्याला चालतं त्याने यावं. ज्याला चालत न्हाई त्याने आपले उरलेले पैसे घेऊन जावं."

ती आत गेली ते थेट मागच्या अंगणात. गोजरबाई भांडी पालथी घालत होती. तिने सगळं ऐकलं असणार, भिंत काही जाड नव्हती.

"ऐकलंस ना? यंत्र घेतेय मी. उद्यापासून दार उघडं."

गोजरबाईने शेवटची परात भिंतीला टेकवली. लुगड्याला हात पुसले.

"म्या न्हाई फिरवणार, काकू."

"त्या लोकांना भ्यालीस?"

"त्यांना काय भ्यायचं? त्यांची उष्टी काढते म्या. कोण कसा खातो, काय टाकतो, समदं ठाव हाय मला. त्यांचं काही वाटत न्हाई." ती जरा थांबली. "तुमचं सांगते. पैल्या दिवशी तुम्ही घास थुकला मोरीत."

तुळजाबाईची नजर मोरीकडे गेली.

"तुम्हाला वाटलं मला दिसलं न्हाई. पर मोरी कोण धुतंय, काकू? म्याच धुतली ती. आमटीत भिजलेला पोळीचा तुकडा. तुमच्या हाताला कळ येऊन राह्यली म्हून म्या दांडा धरला. कोणी सांगितलं न्हाई, आपल्या मनानं धरला. अन् तुम्ही थुकला."

"गोजर, मी..."

"अन् मंग रोज भात खाऊन राह्यल्या. मला समजत न्हाई का? किळस काय बामनालाच येती? मलाबी येती. ज्याच्या तोंडातून माझं काम भायेर पडतं त्याच्यासाठी दांडा फिरवायची मला किळस येती. भांडी घासते, ते माझं काम हाय. ते करीन. दांड्याला हात लावणार न्हाई."

ती निघून गेली. संध्याकाळी आली, भांडी घासली, गेली. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर तुळजाबाईला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओसरीत सहा पाट भरले. पेशकार नव्हते. मास्तर नव्हते, त्यांनी पैसे परत न्यायला शाळेचा शिपाई पाठवला होता. तुळजाबाईने सहा जणांची कणीक डाव्या हाताने आणि कोपराने कशीबशी तिंबली. पोळ्या वातड झाल्या आणि सहाही जणांनी त्या मुकाट्याने चावल्या. यंत्र कोपऱ्यात उभं होतं. अमावास्या आली होती, संध्याकाळी शिवनारायण येणार होता. यंत्र ठेवलं तर फिरवायला कोणी नाही, परत दिलं तर हात नाही. दोन्हीकडून रस्ता धावड्यालाच जात होता.

भांडी आटोपून गोजरबाई घरी गेली. तुळजाबाई ताटावर बसली आणि न जेवता उठली. मग तिने दाराला कडी घातली आणि ती उन्हात बाहेर पडली. तांबडं आलवण नेसलेली बोडकी बाई भर दुपारी कुंडलिका ओलांडून हमालांच्या गल्लीत चाललीय, हे पाहून लोक दुकानांतून बाहेर आले. अपशकुन म्हणून एक जण रस्त्यातून मागे फिरला. तिने कोणाकडे पाहिलं नाही.

गोजरबाई दाराजवळच्या चुलीवर भाकरी थापत होती. तिने वर पाहिलं, पण ती उठली नाही. काठवटीतल्या पिठावर तिचा तोच पंजा थपथप पडत होता.

"काय झालं?"

"शिवनारायण येणार संध्याकाळी. ठेवू का नेऊ देऊ, ते तू सांग."

"तुमचं यंत्र. मला काय विचारता?"

"फिरवायचं तुला आहे म्हणून विचारते."

गोजरबाईने भाकरी तव्यावर टाकली. पाण्याचा हात फिरवला. तुळजाबाई उंबऱ्याच्या आत येऊन भुईवर बसली. कोणी "बसा" म्हटलं नव्हतं.

"मला भाकर वाढ," ती म्हणाली.

"कशाला उगाच? तुमच्यानं व्हायचं न्हाई."

"वाढ."

"मला खूश करायला खायाची गरज न्हाई, काकू. म्या काही लहान लेकरू न्हाई."

"तुला खूश करायला न्हाई. मला ही किळस नको झालीय आता. त्या लोकांच्या तोंडावर पाहिली मी काल. ती माझ्या पोटात पण आहे. कुठून आली, कोणी घातली ते ठाऊक न्हाई, पण मला ती नको."

गोजरबाईने तव्यावरची भाकर उलटली, विस्तवाला लावून शेकली आणि तिच्या पुढ्यात ठेवली. वर ठेच्याचा गोळा. मग ती चुलीतलं लाकूड मागे ओढून तुळजाबाईच्या तोंडाकडे बघत बसली.

पहिला घास तसाच फिरला. तुळजाबाईने डोळे मिटून तो रेटून आत घातला. दुसरा त्याच्या मागून. ठेच्याने डोळ्यांत पाणी आलं, नाक वाहायला लागलं. ती थांबली नाही. कोणी मारून खायला लावल्यासारखी ती जेवत होती; त्यात गोडी नव्हती, आनंद नव्हता, आणि तिने तसं भासवलंही नाही. अख्खी भाकर संपवून तिने बोटं चाटली.

"मंग?" तिने विचारलं. "यंत्राचं काय सांगू त्याला?"

"सहा माणसाला कशाला पायजे यंत्र? सहाची कणीक हातानंच होती."

"सहाच येतील असं कशावरून? तुझ्या गल्लीतले कापसाच्या जिनिंगवरचे कितीतरी लोक भाकरतुकडा बांधून नेतात. त्यांना पैसे देऊन पोळी खायची मनाई थोडीच आहे?"

गोजरबाई पहिल्यांदाच हसली, पण बेताचंच. "बामनीन वाढणार व्हय त्यांना?"

"वाढीन."

"बगू," गोजरबाई म्हणाली. "तुम्ही व्हा फुडं. म्या इस्तू झाकून येते."

तुळजाबाई निघाली. गल्लीच्या तोंडापर्यंत ती ताठ चालली. तिथे ऊन डोक्यात शिरलं आणि पोटातून सगळं उसळून वर आलं. तिने तोंडावर दोन्ही हात दाबले आणि पडक्या भिंतीच्या आडोशाला बसली. अंगाला दरदरून घाम सुटला. आत ठेचा, ज्वारी आणि पन्नास वर्षांचं सोवळं एकमेकांशी झगडत होतं. घशाशी आलेलं तिने गिळलं. पुन्हा आलं, पुन्हा गिळलं. रस्त्याने जाणारे दोघे थांबून बघायला लागले.

मागून गोजरबाई आली. तिने बसलेल्या तुळजाबाईला पाहिलं आणि काही न विचारता ती तिच्या आणि रस्त्याच्या मधे, पाठ करून, उभी राहिली. पदर पसरून कमरेवर हात ठेवून.

"काय बगून राह्यले? चला, निगा," ती त्या दोघांना म्हणाली. ते गेले तरी ती हलली नाही.

बऱ्याच वेळाने तुळजाबाई भिंतीला धरून उठली. आलवणाच्या पदराने तिने तोंड पुसलं आणि पदराकडे पाहिलं. त्यावर नुसता घाम होता.